वस्तू कशाची, केली कशी?

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरातल्याच वस्तू आहेत. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास त्या जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती.

संग्रहालयात अशा वस्तूची नोंद करताना दोन गोष्टी लिहितात: ती कशाची आहे आणि कशी केली. पितळ म्हणजे तांबं नि जस्त, कासं म्हणजे तांबं नि कथील. पण घडा ओतीव की ठोकीव? ठोकीव असेल तर हातोडीच्या खुणा दिसतात.

आपल्या तलवाड्यातली गोधडी घ्या. ‘जुनी गोधडी’ एवढंच लिहिलं, तर शिवणारीची मेहनत बुडाली! लुगड्याचे थर किती, धावदोरा कसा घातला, कोणी शिवली, हे बोहारणीला देण्याआधी गटाच्या वहीत लिहा. टाक्याचं नाव आजीला विचारा.