धूळपाटी ते काचपाटी : बुधवार पेठेतील लेखनाचे धडे

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ज्यांनी पाऊल टाकले असेल, त्यांना तेथील गर्दीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. हातात शाळेने दिलेली यादी, काखेत छत्री आणि मागे कंटाळलेले मूल अशा थाटात आईबाप एका दुकानातून दुसऱ्या दुकानात शिरत असतात. पाठ्यपुस्तके, वह्या, कंपासपेट्या आणि मार्गदर्शके यांचे हे माहेरघर. तेथून चालत थोडे पुढे गेले, की तपकीर गल्ली लागते. नाव तपकिरीचे असले तरी विक्री विजेच्या उपकरणांची, संगणकांची आणि मोबाइलच्या सुट्या भागांची. पुस्तकांचा बाजार आणि यंत्रांचा बाजार असे एकाच पेठेत शेजारी नांदत आहेत. त्या दोहोंच्या मध्ये उभे राहिले असता, मुलांना लिहिण्यास कसे शिकवावे हा अलीकडे आम्हांस छळणारा प्रश्न अधिकच टोचू लागतो.

या प्रश्नाचे निमित्त सांगितले पाहिजे. मध्यंतरी शाळकरी मुलांच्या एका निबंधस्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे आले होते. विषय जुनाच होता, ‘माझी आजी’. आलेल्या निबंधांपैकी बरेचसे निर्दोष होते. ऱ्हस्वदीर्घ बिनचूक, परिच्छेद आटोपशीर, शेवटी एक सुविचार. मात्र चार निबंधांतील आज्या शब्दशः एकच होत्या! सर्वांच्या आज्या ‘प्रेमाचा अथांग सागर’ होत्या, सर्वांच्या चेहऱ्यावर ‘अनुभवाच्या सुरकुत्या’ होत्या. यंत्राला विषय सांगावा आणि त्याने क्षणार्धात निबंध हाती द्यावा, ही सोय २०२२ च्या अखेरीपासून घरोघरी पोहोचली आहे. तिचे हे फळ असावे, असे आम्ही ताडले. मुलांना दोष देण्याआधी मात्र आम्हांस आमचेच बालपण आठवले. आम्हीही मार्गदर्शकातील ‘पावसाळ्यातील एक दिवस’ घोकून परीक्षेत उतरवला होता. फरक इतकाच, की आम्हांस पाठांतराचे कष्ट तरी पडले.

कित्ता गिरवणे हा आपल्याकडे शिक्षणाचा पायाच होता. पेशवाईच्या उत्तरकाळात पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे काढी, पुढे त्याच्या हाती बोरू येई. पंतोजींनी घालून दिलेला मोडीचा कित्ता शेकडो वेळा गिरवून अक्षर वळणदार करावे, पावकी-निमकी घोकावी आणि हिशेबठिशेब, पत्रांचे मायने शिकून कारकुनीस लागावे, हा त्या विद्येचा शेवट. १८२१ साली इंग्रज सरकारने विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तेथील विद्या निराळी होती, परंतु तीही घोकंपट्टीचीच. आपल्या मनातले आपल्या शब्दांत मांडणे हा शिक्षणाचा भाग आहे, अशी कल्पना यांपैकी कोठेच नव्हती. मुलींचा व तथाकथित अस्पृश्यांचा तर यांतील कोणत्याच शाळेशी संबंध येत नसे.

१८४८ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हटले पाहिजे. या एका वर्षात बुधवार पेठेतील सरकारी बुधवार वाड्यात पुण्याचे सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच वर्षी गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात आपली पत्रे लिहिण्यास आरंभ केला. आणि त्याच वर्षी याच पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा उघडली. ग्रंथालय, वृत्तपत्र आणि शाळा एकाच वर्षी एकमेकांच्या इतक्या निकट याव्यात, याला योगायोग म्हणून सोडून देण्यास आमचे मन धजत नाही. वाचायला काही असेल, छापायला कोणी असेल, तरच लिहायला शिकवण्यास अर्थ येतो.

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. मुलींना शिकवण्यास त्या काळी शिक्षिका मिळणे जवळजवळ अशक्यच होते. जोतीरावांनी अहमदनगर येथे सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवले, पुढे फरारबाईंकडे व पुण्यात मिचेलबाईंकडे त्यांचे अध्यापनाचे शिक्षण झाले. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेणगोळे फेकले जात, ही हकिकत आता पाठ्यपुस्तकांत आली आहे. ती वारंवार सांगितली जाते, म्हणून येथे लांबवीत नाही. मात्र वर्गात जाऊन त्या काय शिकवीत, याची चर्चा आपण क्वचितच करतो. व्याकरण, गणित, भूगोल, वाचन आणि लेखन हे विषय त्या शाळांत होते. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत शाळा झाली. या मुलींची जाहीर परीक्षा घेतली गेली, तेव्हा ती पाहण्यास लोकांची झुंबड उडाली होती.

या शाळांचे खरे प्रगतिपुस्तक मात्र १८५५ साली छापले गेले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत प्रसिद्ध केला. मुलीचे वय अजून पंधराही नव्हते. हा निबंध आज वाचतानाही अंगावर काटा येतो. वेद वाचण्याचा अधिकार जर आम्हांला नाही, तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल ती करते. पेशवाईत तिच्या लोकांना इमारतींच्या पायांत गाडीत, तालीमखान्यापुढून जाण्याचीही त्यांना चोरी असे, हे ती सांगते. बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे ती लिहिते. ही शेवटची गोष्ट कोणत्याही पंतोजीच्या कित्त्यात सापडली नसती. ती लिहिण्यास त्या घरात जन्मलेली मुलगीच हवी होती आणि ‘तुला जे ठाऊक आहे ते लिही’ असे म्हणणारी शाळा हवी होती. निबंधाचा हा धडा सावित्रीबाईंनी कसा दिला, पाटीवर काय लिहिले, याची नोंद कोणी ठेवली नाही. उत्तरपत्रिका तेवढी उरली. मेजर कँडी यांनी मुक्तेला खाऊ दिला असता तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले, अशी कथाही सांगतात.

हे कँडीसाहेब पुण्याच्या पाठशाळेवरील अधिकारी आणि सरकारी मराठी भाषांतरकार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांचा मोठा हात होता. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही इंग्रजी चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय त्यांना देतात. सरकारी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर त्यांचा असा काही वरचश्मा होता, की त्यांच्या हातून निसटून पुस्तक छापले जाणे कठीण. मराठी गद्य एकसारखे झाले ते यामुळेच. पण त्या एकसारखेपणाची किंमतही पडली. जोतीरावांनी १८५५ मध्येच ‘तृतीय रत्न’ नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, ते तिने नाकारले. पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने शाळेतील निबंधाला जो पल्लेदार घाट दिला, तो आमच्या पिढीपर्यंत पोहोचला. सुंदर गद्य ते खरेच. पण प्रत्येक विद्यार्थ्याने त्याच आवाजात बोलावे, हा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना निबंधमालाकारांनीही हसून लावले असते, असे आम्हांस वाटते.

यंत्राचा आणि लिपीचा झगडा मात्र पुण्यातील या शाळांहूनही जुना आहे. आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव सांगावयास नको. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते मराठी भाषेत पण रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे नव्हते आणि युरोपीय अक्षरांना चोवीस साचे लागतात तेथे आपल्या लिपीस सुमारे सहाशे लागतील, अशी अडचण होती. त्या महाकाव्याला छापील देवनागरी रूप मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली ती आवृत्ती पुण्यातच निघाली. तीनशे चाळीस वर्षे! आमच्या घरातील मुले भ्रमणध्वनीवर मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहितात, तेव्हा त्यांना रागे भरण्याआधी आम्ही स्टीफन्ससाहेबांचे स्मरण करतो. फरक असा, की त्यांना खिळे मिळाले नव्हते आणि आमच्या मुलांच्या बोटांखाली ते आयते आहेत.

ते आयते येण्यातही पुण्याचा वाटा आहे. १९८८ साली येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. तरी बरीच वर्षे ज्याची त्याची अक्षरसंचाची बोली वेगळी होती. एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की चिनी मंत्रासारखा दिसे. युनिकोडने तो घोळ पुष्कळसा मिटवला. मात्र आपला अर्धा ‘र’ अजूनही अनेकांना कळफलकावर सापडत नाही. परिणामी ‘आचाऱ्यांना’ बक्षीस द्यावयाचे ते ‘आचार्यांना’ जाते आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’स मिळतात. मास्तरांनी लाल शाईने हे सुधारण्याचे दिवस गेले. आता यंत्र स्वतःच शब्द सुचवते आणि चुकीचे सुचवले तरी मूल ते स्वीकारते.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अख्खा वर्गच काचेच्या पाटीत शिरला. ज्या घरात एकच फोन आणि तीन मुले, तेथे कोणाचा वर्ग बुडत होता हे शिक्षकांनी पाहिले आहे. त्या काळात अनेक शिक्षिकांनी मुलांच्या वह्यांची छायाचित्रे मागवून रात्री एकेक तपासली. त्याच वर्षी राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदाही झाला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या गोष्टींचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मुलाने आपले वाक्य आपण घडवावे यासाठी लागतो तो एक शिक्षक, एका वहीवर वाकलेला, आणि मुलाला ‘हे तू पाहिलेस का?’ असे विचारणारा. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्याला तेवढी उसंत कोण देणार?

भिडे वाडा आता उभा नाही. जीर्ण झालेल्या त्या वास्तूचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करताना ती पाडण्यात आली. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनास येणारी माणसे तिच्यासमोरूनच जात असत. त्यांपैकी कितीजणांची मान तिकडे वळत असे, कोण जाणे.

त्या निबंधस्पर्धेचा निकाल सांगावयाचा राहिला. पहिले पारितोषिक आम्ही सहावीतील एका मुलीला दिले. तिच्या निबंधात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या आणि तीन शब्द घरच्या बोलीतले होते. तिची आजी सुकेळी वाळवीत असे. केळीच्या चिकाने काळी पडलेली आजीची बोटे रविवारी मिस्साला जातानाही लिंबाने घासून निघत नसत, म्हणून ती हात पदराखाली धरून बसे, असे त्या मुलीने लिहिले होते. पारितोषिक देण्यापूर्वी आम्ही तिला वही घेऊन बोलावले आणि त्या एकोणीस चुका तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या. बोलीतले तीन शब्द तसेच ठेवले.