सेवानिवृत्त युद्धनौकांचे उत्तरायुष्य : 'विक्रांत'च्या संदर्भात

युद्धनौकेचा इतिहास बहुधा तिच्या लढायांपाशीच थांबतो. सेवानिवृत्तीनंतरचा कालखंड उपेक्षित राहतो. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. १९५७ मध्ये ब्रिटनकडून अपूर्णावस्थेत विकत घेतलेली ही नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे हल्ले चढविले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली.

पुढे मुंबईत तिच्यावर संग्रहालय उभे राहिले. तथापि नौकेचे जतन किल्ल्याच्या जतनाहून अवघड असते. खारे पाणी पोलाद अखंड पोखरते आणि पाण्याखालील भागाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी नौका सुक्या गोदीतच न्यावी लागते. प्रवेशशुल्कातून हा खर्च भागणे कठीणच! सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. सुमारे ६० कोटी रुपयांना नौकेचा लिलाव झाला. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये फेटाळली आणि त्याच वर्षी दारूखान्यात तोडकाम सुरू झाले. तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींच्या इंधनटाक्यांसाठी वापरला गेला. जतनासाठी ज्या स्मृतीस पैसा मिळाला नाही, तिला बाजारात ग्राहक मात्र मिळाले.

'विराट'चे सिंधुदुर्गात संग्रहालय करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. तरीही २०२० मध्ये ती भंगारासाठी अलंगला गेली. २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही तुलनेने लहान नौका मात्र निवतीजवळच्या समुद्रातील जलांतर्गत संग्रहालयासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपविण्यात आली.