पिंपाशेजारचा पेला : एका फ्रेंच रिवाजाची कुळकथा

फ्रान्समधील एखाद्या लहान, एकाच कुटुंबाच्या द्राक्षमळ्यावर जावे, घराखालच्या थंड तळघरात उभे राहावे आणि मालकाने स्वतः पिकवलेली व मुरवलेली वाइन त्याच्याच हातून चाखावी, हा रिवाज आज इतका रुळला आहे की तो तेथील मातीइतकाच जुना असावा असे कोणालाही वाटेल. फ्रेंच भाषेत या चाखण्याला ‘देग्युस्तासिओं’ म्हणतात. चव घेऊन पारखणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला आहे. पारखण्याची कला खरोखरच प्राचीन आहे. परंतु ती कुटुंबाच्या उंबरठ्याआड अनोळखी पाहुण्यासाठी खुली झाली, ती गेल्या शंभर वर्षांत. त्यापूर्वी कित्येक शतके चाखण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याकडे होता आणि पिकवणारा हा निकालाची वाट पाहत शेजारी उभा असे. ही उलटापालट कशी घडली, याचा माग पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात सर्वांत स्पष्टपणे काढता येतो.

मळे लहान का, येथून ही कथा सुरू होते. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनी बर्गंडीच्या उतारांवर द्राक्षलागवड वाढवली आणि ‘क्लो द वूजो’ नावाचा, सुमारे ५० हेक्टरांचा, दगडी कुंपणाचा मळा उभा केला. राज्यक्रांतीनंतर धर्मसंस्थेच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या आणि १८०४ च्या नागरी संहितेने सर्व अपत्यांना वारशात समान वाटा दिला. भावाभावांत वाटण्या होऊन सातबाऱ्यावर नावांची रांग कशी लांबते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. क्लो द वूजोचे आज ८० हून अधिक मालक आहेत. बर्गंडीत जमीन मोजण्याचे जुने माप ‘उव्हरे’ हे आहे. एक माणूस एका दिवसात मशागत करू शकेल एवढी ती जमीन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सव्वाचार गुंठे. आणि आजही तेथे जमिनीचे बोलणे या मापात चालते.

इतक्या लहान तुकड्याच्या धन्याला, म्हणजे ‘व्हिन्यरों’ला, वाइन दोन-दोन वर्षे मुरवत ठेवणे, बाटल्या विकत घेणे, दूरचे गिऱ्हाईक शोधणे परवडत नसे. सुगीनंतर तो पिंपेच्या पिंपे विकून मोकळा होई. ती घेणारा घाऊक व्यापारी, ‘नेगोसियां’, अनेकांची वाइन आपल्या तळघरात एकत्र करून स्वतःच्या नावाने विकत असे. पिकवणाऱ्याचे नाव त्या मिश्रणात विरून जाई. या दोघांच्या मधोमध ‘कुर्तिए’ म्हणजे दलाल असे, ज्याचा स्वतःचा माल नसे, पण ज्याच्या जिभेवर भाव ठरत असे. चोखंदळ खवय्या या अर्थाने जगभर गेलेला ‘गुर्मे’ हा शब्द मुळात याच धंद्यातला आहे. आरंभी वाइनच्या व्यापाऱ्याचा नोकर, पुढे वाइन पारखणारा मध्यस्थ आणि सरतेशेवटी उत्तम खाण्यापिण्याचा जाणकार, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. बोर्दो प्रांतातील वाइनची १८५५ ची प्रसिद्ध प्रतवारीसुद्धा तेथील दलालांनीच, वर्षानुवर्षांच्या बाजारभावांच्या आधारे, तयार केली होती.

या काळाची खूण असलेली वस्तू म्हणजे ‘तातव्हँ’ : तळहातावर मावेल एवढी, उथळ, चांदीची वाटी, जिच्या एका बाजूला अंगठा टेकण्यासाठी कान असतो आणि कडेवर पुष्कळदा मालकाचे नाव कोरलेले असते. वाटीच्या आतील एका अंगाला तिरप्या पन्हळी आणि दुसऱ्या अंगाला गोल खळगे ठोकलेले असतात. तळघरात मेणबत्तीपलीकडे उजेड नसे; अशा वेळी वाटीत घोटभर वाइन घेऊन ती किंचित हलवली की ज्योतीचा प्रकाश त्या खळग्यांवरून परावर्तित होऊन वाइनच्या पातळ थरातून वर येई आणि तिचा रंग व गढूळपणा क्षणात कळे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रुंद तोंडाच्या या वाटीत सुगंध टिकत नाही. आस्वादासाठी ती घडवलेलीच नव्हती. ते तपासणीचे साधन होते. आज तिची जागा वर निमुळत्या होत जाणाऱ्या, सुगंध कोंडून ठेवणाऱ्या काचेच्या पेल्याने घेतली आहे, आणि १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा पेल्याचे प्रमाण आकारमानही ठरवून दिले. वाटीकडून पेल्याकडे झालेला हा बदल तपासणीकडून आस्वादाकडे झालेलाच बदल आहे.

तो सुखासुखी झाला नाही. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीचा प्रादुर्भाव दक्षिण फ्रान्समध्ये १८६३ च्या सुमारास दिसला आणि पुढील दशकांत देशभरचे मळे वाळून गेले. उपाय अखेर अमेरिकेतूनच आला : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम. महाराष्ट्रातील बागायतदार आज ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकन कुळाचाच आहे, जरी येथे त्याचे काम क्षार आणि पाणीटंचाईशी झुंजण्याचे आहे. दरम्यान, वाइनचा तुटवडा भेसळीने भरून काढला गेला. वाळवलेले बेदाणे भिजवून, साखरपाणी घालून केलेले पेय वाइन म्हणून विकले जाऊ लागले, म्हणून ताज्या द्राक्षांच्या किण्वनातून होते तीच वाइन, असे १८८९ मध्ये कायद्याने सांगावे लागले. तरीही भाव कोसळतच राहिले. १९०७ मध्ये आर्जेलिए गावच्या मार्सेलँ आल्बेर या लहान बागायतदाराच्या नेतृत्वाखाली दक्षिणेतील शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ जून रोजी माँपेलिए शहरात लाखोंचा जमाव लोटला, नार्बोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली, आणि शेतकऱ्यांचीच मुले असलेल्या १७ व्या पायदळ पलटणीतील शिपायांनी बंड केले. त्याच जूनअखेर झालेल्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाला आपल्या पिकाचे प्रमाण गावच्या कचेरीत जाहीर करणे बंधनकारक झाले. या कोरड्या तरतुदीचे मोल फार मोठे आहे, कारण अमुक इतकी वाइन अमुक माणसाची, ही नोंद आता सरकारी कागदावर आली. १९३५ मध्ये उगमनाम-व्यवस्थेसाठी, म्हणजे ठरावीक प्रदेशाचे नाव ठरावीक नियम पाळणाऱ्या वाइनलाच मिळावे यासाठी, राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी आर्बुआ, शातोनफ-द्यु-पाप आदी पहिली नावे मान्य झाली.

बर्गंडीतील निर्णायक पाऊल मात्र काही मोजक्या उत्पादकांनी उचलले. वोल्नेचे मार्क्वी दांजेरव्हिल आणि न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूज यांनी व्यापाऱ्यांच्या बनावट मिश्रणांविरुद्ध उघड भूमिका घेतली. व्यापाऱ्यांचे दार बंद झाल्यावर त्यांनी आणि जेव्हरे-शांबर्तँच्या आर्मां रूसो यांसारख्यांनी आपली वाइन स्वतःच बाटलीत भरून विकण्यास आरंभ केला. १९२७ मध्ये वाइनविषयक नियतकालिक सुरू करणारे रेमों बोद्वाँ त्यांच्या पाठीशी राहिले आणि अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर फ्रँक स्कूनमेकर यांच्यासारखे आयातदार थेट मळ्यावर येऊ लागले. बाटलीवर ‘मळ्यावरच भरलेली’ हे शब्द आले आणि त्यासोबत कुटुंबाचे नाव आले. नावाने विकायचे तर गिऱ्हाईक दारात यायला हवे, आणि दारात आलेल्याला चव दिल्यावाचून विकता येत नाही. पाहुण्याच्या हातातल्या पेल्याचा जन्म या व्यावहारिक गरजेतून झाला आहे.

काळही अनुकूल होता. मंदीत वाइन पडून राहिली, तेव्हा १९३४ मध्ये न्वी-सँ-जॉर्ज येथे तातव्हँच्याच नावाने एक मंडळ स्थापन झाले, ज्याने जगाला बर्गंडीत जेवायला बोलावण्याचा धडाका लावला. दलालाची वाटी अशा रीतीने यजमानाच्या गळ्यातला दागिना झाली. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, १९३७ मध्ये बर्गंडीच्या नामांकित मळ्यांमधून जाणारा पर्यटनमार्ग आखला गेला आणि १९५३ मध्ये आल्सास प्रांतानेही तसाच मार्ग खुला केला. तरीही बहुसंख्य लहान कुटुंबे स्वतः बाटल्या भरू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत.

आज अशा तळघरात गेलेल्या पाहुण्यासमोर धनी किंवा धनीण २२८ लिटरच्या पिंपाचे बूच काढते, काचेची लांब नळी आत सोडते, वरच्या टोकावर अंगठा दाबून वाइन उचलते आणि अंगठा सैल करून ती पेल्यात घोटभर सोडते. बर्गंडीत पुष्कळदा तांबडी वाइन आधी आणि पांढरी नंतर देतात, कारण पांढरीची आम्लता जिभेवर अधिक काळ रेंगाळते. चाखून थुंकणे हा तेथे असभ्यपणा मानला जात नाही. उरलेला घोट अनेक तळघरांत पुन्हा पिंपात जातो, कारण तो वर्षभराच्या कष्टाचा माल असतो. हे सारे हावभाव जुन्या दलालाचेच आहेत. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की आता नळी पिकवणाऱ्याच्या हातात आहे आणि बोलणाराही तोच आहे.

नाशिकमध्ये सुला कंपनीने २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन उघडले आणि महाराष्ट्राला या रिवाजाची ओळख झाली. परंतु तेथील द्राक्षे मोठ्या प्रमाणावर करारबद्ध शेतकऱ्यांकडून येतात. पिकवणारा आणि पेला पुढे करणारा एकच असणे, हा मूळ फ्रेंच रिवाजाचा गाभा येथे अजून रुजायचा आहे.

फ्रान्समधील अनेक बाटल्यांच्या बुचावरील धातूच्या टोपणावर, कर भरल्याची खूण म्हणून, प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीची मुद्रा असते आणि तिच्या जवळ एक बारीक लॅटिन अक्षर छापलेले असते. ते ‘एन’ असेल तर बाटली व्यापाऱ्याने भरलेली असते. ‘आर’ असेल तर ती पिकवणाऱ्याने किंवा पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेने भरलेली असते.