लाख, गटापर्चा आणि दुरुस्तीचा हात

एखाद्या जुन्या सरदार घराण्याच्या देवघरात दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी जपून ठेवलेली तलवार हाती घ्यावी आणि तिची मूठ किंचित डळमळते आहे असे जाणवावे, तर पाहणारा बहुधा लोखंडाला दोष देतो; वस्तुतः लोखंड शाबूत असते, आणि जीर्ण झालेली असते ती पाते व मूठ यांच्या सांध्यात कित्येक पिढ्यांपूर्वी भरलेली लाख. आपल्याकडील तलवारीच्या मुठीच्या पोकळीत लाख, राळ आणि विटेची वा दगडाची वस्त्रगाळ पूड यांचे तापवून पातळ केलेले मिश्रण भरावयाचे, पात्याचे मागचे निमुळते शेपूट तापवून त्यात सरळ रोवावयाचे आणि सांधा निवू द्यावयाचा, अशी रीत होती; आणि एवढ्याशा कृतीतून, ज्यावर योद्ध्याचा प्राण अवलंबून असे असा जोड सिद्ध होत असे. युरोपातून आलेली लांब, सरळ पाती मराठी सैन्यात फिरंग या नावाने मानाने मिरवली, परंतु त्या पात्यांना मूठ मात्र इकडचीच बसविली जाई, आणि परदेशी पोलाद व देशी पकड यांचा मेळ घालण्याचे काम हेच काळपट, ठिसूळ दिसणारे द्रव्य करीत असे. मूठ बदलावयाची झाली, तर शिकलगाराने ती निखाऱ्यावर धरून जुना सांधा सैल करावा, पाते ओढून काढावे व नवीन मुठीत बसवावे. पाते बाद होत नसे, मूठ बाद होत नसे, आणि सांध्यातील लाखसुद्धा पुन्हा वितळून कामास येई.

तापाने मऊ व्हावे, निवताच घट्ट व्हावे आणि पुन्हा ताप लागताच पुन्हा मऊ व्हावे, हा जो गुण रसायनशास्त्रज्ञ ऊष्मामृदुता या नावाने ओळखतात, त्याचा इतिहास सामान्यतः कारखान्यांचा, पेटंटांचा आणि मोठमोठ्या साच्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मला ही मांडणी अपुरी वाटते. ज्यांनी या गुणाचा प्रथम उपयोग केला, ते मोडलेली वस्तू सांधणारे व आपल्या हाताच्या मापाची मूठ स्वतः घडविणारे लोक होते. कारखाने त्यांच्यामागून आले, आणि येताना त्यांनी ही विद्या लोकांच्या हातून काढून घेतली. तेव्हा ही कथा दुरुस्तीच्या बाजूने सांगणे अगत्याचे आहे.

लाखेची प्राचीनता सांगण्यासाठी पांडवांच्या लाक्षागृहाचे उदाहरण सर्वांच्या जिभेवर असते, पण त्याहून अर्थपूर्ण उल्लेख अथर्ववेदात आहे. तेथे एका सूक्तात लाक्षेची स्तुती केली आहे ती जखमा भरून आणणारी औषधी म्हणून. पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर अगणित सूक्ष्म कीटक वस्ती करतात, रस शोषून आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच निर्माण करतात, आणि ते कवच खरडून, कुटून, धुऊन घेतले म्हणजे त्यातील तांबडा रंग निराळा होऊन दाणेदार लाख उरते. छोटा नागपूर आणि छत्तीसगड हे तिचे मुख्य प्रदेश. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलांतही ती होते. ही दाणेलाख कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळीत न्यायची, कापडातून पाझरलेला रस गोळा करून गरम असतानाच हातापायांनी, प्रसंगी दातांनीही, ताणून त्याचा पापुद्र्यासारखा पातळ तक्ता करायचा, आणि निवल्यावर त्याचे तुकडे करायचे. सुतार ज्याला चपडा म्हणतात तो हाच. पिवळसर, पारदर्शक, काचेसारखा दिसणारा तो तुकडा किती अंगमेहनतीने आणि किती भाजलेल्या बोटांनी निर्माण झाला, याची कल्पना लाकडावर त्याचे पॉलिश चढविणाऱ्यास क्वचितच असते.

गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज पंडिताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात लाखेला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि तिच्यासंबंधी युरोपात रूढ असलेल्या ग्रीक व अरबी वैद्यांच्या मतांचे परीक्षण केले आहे. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस, गोव्यात काही वर्षे राहून गेलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंग कसा चढवितात, याचे वर्णन केले. घर्षणाच्या उष्णतेने लाख आपोआप वितळते आणि लाकडाच्या अंगी भिनते. सावंतवाडीच्या रंगीत लाखकामाची मूळ युक्ती हीच. युरोपीय विद्वानांना ही बाब नवलाची वाटली, तरी येथील कारागिरांना ती नित्याची होती.

लाखेचे सर्वांत सूक्ष्म काम मात्र सोनाराच्या पेढीवर पाहावे. पातळ पत्र्याचा पोकळ दागिना हाताने दाबला तर चेपतो. म्हणून त्याच्या पोटात लाख भरतात, म्हणजे थोड्या सोन्यात भरदार वस्तू उभी राहते आणि वर्षानुवर्षे अंगावर वागवली तरी तिचा आकार ढळत नाही. नक्षीकामासाठी तर पत्रा राळेच्या उबदार थरावर बसवावा लागतो. ती राळ छिन्नीच्या घावाखाली पुरेशी लवते आणि पत्र्याला पुरेसा आधारही देते, आणि काम उरकल्यावर थोडी आच दिली की पत्रा सुटून येतो. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांचे व येथील धार लावणाऱ्यांचे कुरुंदाचे चाकदेखील लाखेनेच बांधलेले असे: कुरुंदाची पूड आणि वितळलेली लाख एकत्र मळून, थापून, गोल आकार देऊन केलेले ते चाक झिजले की उरलेला भाग वितळवून त्यात नवी पूड घालता येई. नुसती लाख ठिसूळ असते, हे या सर्व मंडळींना पक्के ठाऊक होते. म्हणूनच विटेची भुकटी, वाळू, कुरुंद, दगडाची पूड असे काही ना काही तिच्यात मिसळण्याचा शिरस्ता पडला. लाख फार वेळ तापवीत ठेवली तर ती कायमची घट्ट होते आणि पुन्हा वितळत नाही, हेही त्यांना अनुभवाने समजले होते. सरकारी दफ्तरांतून जाणारे लाखोटे, जामदारखान्याच्या कुलुपावरील मोहोर, पुढे डाकेतून जाणाऱ्या विमा केलेल्या पुडक्यांवरील शिक्के, हे सारे लाखेच्या याच स्वभावावर विसंबून होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही हातची विद्या यंत्राच्या स्वाधीन झाली. ग्रामोफोनची तबकडी लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची असे. म्हणजे मुठीत पाते रोवणाऱ्या शिकलगाराचे जे मिश्रण, त्याच जातीचे मिश्रण साच्यात दाबून त्याच्यावर गायकांचे स्वर कोरले जाऊ लागले. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि महाराष्ट्रातील नाट्यसंगीत ज्या तबकड्यांतून घरोघर पोहोचले, त्या सर्व लाखेच्या होत्या. विजेच्या तारांना व उपकरणांना आवरण म्हणूनही लाखेची मागणी इतकी वाढली, की तिला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून लिओ बेकलंड या रसायनज्ञाने १९०७ मध्ये बेकेलाइट निर्माण केले. त्याची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे: बेकेलाइट एकदा घट्ट झाले की कितीही आच दिली तरी मऊ होत नाही. बेकेलाइटचे बटण तुटले तर ते तुटलेच. ज्या घरच्या शेगडीवर दुरुस्त करता येतील अशा वस्तूंच्या जगातून माणूस येथे प्रथम बाहेर पडला. भारत सरकारच्या प्रोत्साहनाने १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली खरी, परंतु तोवर काळाचा ओघ बदललेला होता.

लाखेच्या जोडीला उभे राहणारे दुसरे द्रव्य मलय द्वीपकल्पातले. तेथील, सुमात्रातील आणि बोर्नियोतील अरण्यांत पॅलॅक्वियम वंशाचे उंच वृक्ष आहेत. त्यांच्या सालीखालचा दुधाळ चीक गोठला म्हणजे गटापर्चा होतो. सतराव्या शतकात तो इंग्लंडात एका संग्राहकाच्या संग्रही कुतूहलाची वस्तू म्हणून पोहोचला होता, पण त्याचे मर्म कोणास उमगले नाही. ते उमगले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सिंगापुरास असलेल्या विल्यम माँटगोमेरी या शल्यवैद्यास, आणि ते त्याला शिकविले एका मलय मजुराच्या हातातील कोयत्याने. त्या कोयत्याची मूठ लाकडाची नव्हती, शिंगाची नव्हती. चौकशी करता कळले की हा चीक उकळत्या पाण्यात बुडविला म्हणजे मळलेल्या कणकेसारखा होतो, मग तो पात्याभोवती दाबून हव्या त्या बोटांच्या मापाने आकार द्यावा, आणि निवला की मूठ तयार. माँटगोमेरीने १८४३ च्या सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल बोर्डाला याची माहिती कळविली, नमुने लंडनला पाठविले, आणि तेथील सोसायटी ऑफ आर्ट्‌सने त्याला सुवर्णपदक दिले. पदकाचा मान ज्याच्या कोयत्यामुळे मिळाला, त्या मजुराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. या इतिहासातील ही उणीव मला फार जाणवते.

माँटगोमेरी वैद्य असल्यामुळे त्याची नजर प्रथम शस्त्रक्रियेच्या साधनांकडे गेली, आणि मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या फळ्या गटापर्चाच्या केल्या जाऊ लागल्या: पत्रा गरम पाण्यात मऊ करावा, रोग्याच्या हातापायावर बसवावा आणि तेथेच घट्ट होऊ द्यावा. परंतु व्यापाराला याहून मोठे भक्ष्य हवे होते. १८४७ मध्ये बर्लिनमध्ये वेर्नर सीमेन्सने तारेवर गटापर्चाचे अखंड आवरण चढविण्याचे यंत्र सिद्ध केले, १८४८ मध्ये मायकेल फॅरेडेने गटापर्चाच्या विद्युत्‌रोधक गुणाचे प्रतिपादन केले, आणि खाऱ्या पाण्यात हे द्रव्य कुजत नाही हे ध्यानी येताच समुद्रतळातून तारा घालण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५१ मध्ये इंग्लंड व फ्रान्स, १८६६ मध्ये युरोप व अमेरिका, आणि १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या महाकाय जहाजाने एडनपर्यंत टाकलेल्या तारेने मुंबई व विलायत जोडली गेली. कापसाचे भाव ज्या तारेतून मुंबईच्या पेढ्यांवर काही तासांत येऊ लागले, तिच्या अंगावर मलयाच्या अरण्यातील चीक होता.

त्याची किंमत त्या अरण्याने दिली. चीक काढण्यासाठी झाड पाडावे लागे, आणि भल्या मोठ्या वृक्षातून अगदी थोडा चीक हाती येई. सिंगापूर बेटावरील मोठी झाडे काही वर्षांतच जवळजवळ नाहीशी झाली आणि कुऱ्हाडी द्वीपकल्पाच्या आतल्या भागात शिरल्या. डचांनी १८८५ साली जावातील चिपेतीर येथे लागवड करून पानांतून चीक काढण्याची शहाणपणाची पद्धत अवलंबिली, पण ती उशिरा सुचली. १९३३ मध्ये इंग्लंडात पॉलिथिनचा शोध लागला, आणि त्यानंतर तारांना गटापर्चाची गरज उरली नाही. एका ठिकाणी मात्र त्याने आपली जागा सोडलेली नाही: दाताच्या मुळातील नलिका साफ करून भरताना दंतवैद्य आजही गटापर्चाच्याच बारीक कांड्या वापरतात.

अस्थींना आधार देण्याचे काम पुढे कृत्रिम द्रव्यांनी उचलले. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे त्यांतले एक. वॉलेस कॅरोदर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ते प्रथम प्रयोगशाळेत निर्माण केले, आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ होते, म्हणजे घरच्या पातेल्यातील गरम पाणी त्यास पुरे. व्यवसायोपचार हे शास्त्र शिकविणारे भारतातील पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले; आज या शास्त्राचे जाणकार अशा द्रव्याचा तक्ता गरम पाण्यातून काढतात, आखडलेल्या वा दुखावलेल्या हातावर तेथल्या तेथे बसवितात, आणि त्या एकाच हाताच्या मापाचा आधार काही मिनिटांत तयार होतो. सिंगापुरात सुरू झालेली कृती अशी पुन्हा रोग्यापाशी आली.

हेच द्रव्य पांढऱ्या दाण्यांच्या रूपात सामान्य ग्राहकालाही विकत मिळू लागले, आणि मी त्याला या इतिहासातील सुखद वळण समजतो. गरम पाण्यात टाकताच दाणे काचेसारखे पारदर्शक होऊन एकमेकांना चिकटतात. तो गोळा चमच्याने काढून, पाणी निथळून, छत्रीच्या तुटक्या मुठीवर, खणाच्या हरवलेल्या गुंडीच्या जागी, संधिवाताने बोटे न मिटणाऱ्या वृद्धेच्या चमच्याच्या दांड्यावर दाबून बसवावा. पुन्हा दुधासारखा पांढरा झाला की तो घट्ट झाला असे समजावे. चुकले तर पुन्हा गरम पाण्यात टाकावा. गुळगुळीत धातूवर मात्र तो पक्का धरत नाही, म्हणून धातूला आधी भोक पाडावे किंवा खाच करावी, म्हणजे द्रव्य आत शिरून अडकते. कुकरच्या मुठीला किंवा चुलीजवळच्या कोणत्याही वस्तूला ते वापरू नये, आणि वैशाखाच्या उन्हात बंद मोटारीत असा जोड ठेवू नये. जी ऊब त्याला घडविते, तीच त्याला मोडते.

दाण्यांच्या पुडक्यावर कृती छापलेली असते. लाखेच्या कामाची कृती मात्र कारागिरांच्या हातांतच आहे, आणि ते हात आता थोडे उरले आहेत. कोणत्या कामाला किती राळ व किती लाख, विटेची पूड किती बारीक, आच किती आणि किती वेळ, हे शिकलगार वा सोनार विचारले तर सांगतात. लिहून मात्र फार थोड्यांनी घेतले आहे. ज्या वाचकाच्या गावी असा एखादा कारागीर अद्याप काम करीत असेल, त्याने त्याच्याजवळ बसून ही प्रमाणे, त्याच्या शब्दांत आणि त्याच्या नावानिशी, उतरवून घ्यावीत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा जवळच्या एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे पाठवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.