कुंपण नसलेलें गांव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का प्रांतांत ओमाहा नांवाचें शहर आहे. तेथें ता. १२ डिसेंबर १९१७ रोजीं फादर एडवर्ड फ्लॅनगन या आयरिश धर्मगुरूंनीं ९० डॉलर उसने घेऊन एक जुनें घर भाड्यानें घेतलें आणि पांच मुलांस आसरा दिला. कांहीं मुलें रस्त्यावरचीं होतीं, कांहीं कोर्टानें पाठविलेलीं. नाताळपर्यंत त्यांची संख्या विसांच्या वर गेली; व सणाच्या जेवणास कोणा व्यापाऱ्यानें दिलेलें आंबविलेल्या कोबीचें एक पिंप तेवढें होतें, असें सांगतात.

फादरांचा जन्म १८८६ चा. गुरुदीक्षा १९१२ सालीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें झाली. ओमाहास प्रथम त्यांनीं बेकार मजुरांसाठीं वसतिगृह चालविलें. त्या माणसांच्या कहाण्या ऐकतां ऐकतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, यांतील कितीएकांचें आयुष्य बालपणींच उधळलें गेलें होतें. तेव्हां पाणी घालावयाचें तें मुळाशींच घालावें, असें त्यांनीं ठरविलें.

१९२१ सालीं शहराच्या पश्चिमेस सुमारें दहा मैलांवर एक शेत विकत घेऊन संस्था तेथें गेली. तिला फादरांनीं कुंपण घालूं दिलें नाहीं. गोरा-काळा, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी असा भेदही ठेवला नाहीं. त्या काळच्या अमेरिकेंत ही गोष्ट सामान्य नव्हती. मुलें आपला नगराध्यक्ष आपणच निवडीत. पायांस लोखंडी पट्ट्या बांधलेल्या एका पंगू मुलास थोरलीं मुलें पाठुंगळीं घेऊन जिने चढत. तिचें शिल्प पुढें संस्थेची ओळखखूण झालें. १९३६ सालीं सरकारदरबारीं ‘बॉइज टाउन’ हें स्वतंत्र गांव म्हणून नोंदलें गेलें. १९३८ सालीं त्यावर बोलपट निघाला व फादरांची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीस ऑस्कर मिळालें. गंमत अशी कीं, आतां यांस पैशाची काय वाण, असें समजून लोकांनीं देणग्या आंखडल्या!

कीर्ति मिळाल्यावर गप्प बसणें सोपें असतें. १९४६ सालीं फादर मायदेशीं गेले. आयर्लंडांत निराधार मुलांस ज्या ‘औद्योगिक शाळां’त ठेवीत, त्यांपैकीं बहुतेक आमच्याच धर्मसंस्थेच्या संघांकडे होत्या. तेथील व तुरुंगांतील शिक्षांविषयीं, मुलांस होणाऱ्या मारहाणीविषयीं, फादरांनीं जाहीरपणें कडक शब्दांत निषेध केला. स्वागत करणारे तेच लोक मग रागावले. न्यायमंत्र्यांनीं त्यांचे आरोप लोकसभेंत उडवून लावले. एका धर्मगुरूनें आपल्याच माणसांचें उणें चव्हाट्यावर मांडावें, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. फादर मे १९४८ मध्यें बर्लिन येथें, युद्धानें पोरक्या केलेल्या मुलांच्या व्यवस्थेची पाहणी करीत असतां वारले. त्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २००९ सालीं आला. मारहाण व हेळसांड हा तेथील नित्याचा क्रम होता, आणि मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्रास चालत, असें त्यांत नमूद आहे. मध्यें ६३ वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत किती मुलें त्या दारांतून आंत गेलीं असतील, हा विचार आम्हांस अस्वस्थ करितो.

खुद्द बॉइज टाउनही निर्दोष राहिलें, असें नव्हे. १९७२ सालीं ओमाहाच्याच ‘सन’ या साप्ताहिकानें उघडकीस आणलें कीं, संस्थेपाशीं २० कोटी डॉलरांहून अधिक ठेव आहे, मुलें मात्र सातशेंहूनही कमी. आणि तरीही टपालानें मदतीची याचना चालूच आहे. या लेखनास १९७३ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. टीका झोंबली, पण कामास आली. मोठमोठ्या वसतिगृहांऐवजीं छोटीं घरें आलीं: एकेका घरांत एक विवाहित दांपत्य व थोडींच मुलें. ही पद्धत कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९६७ च्या सुमारास लॉरेन्स गांवीं ‘अचीव्हमेंट प्लेस’ नांवाच्या घरांत बसविली होती. तींत सांगितलेलें ऐकणें, नकार निमूटपणें घेणें, मतभेद न भांडतां बोलून दाखविणें, अशीं कौशल्यें पतिपत्नी रोजच्या व्यवहारांतच शिकवितात. चांगल्या वागणुकीस गुण मिळतात, त्यांवर सवलती. आणि मुलें एकत्र बसून घराचे नियम ठरवितात. गुणांचा हा हिशेब कोणास सावकाराच्या वहीसारखा वाटेल. परंतु ज्या मुलानें कधीं नियम पाहिलाच नाहीं, फक्त लहर पाहिली, त्यास उद्यां काय होणार हें आज कळणें ही लहान गोष्ट नव्हे. पुढें मूल स्थिरावलें कीं ही वही मागें पडते.

१९७९ पासून मुलींसही तेथें प्रवेश मिळूं लागला. १९९१ सालीं गांवानें आपला नगराध्यक्ष म्हणून प्रथमच एका मुलीस निवडलें.