शरणपूरची मुले

देवळा, सटाणा, कळवण या बाजूंकडून कामकाजासाठी नाशिकास येणाऱ्या मनुष्यास शरणपूर रस्ता हे नाव नित्य परिचयाचे असते. त्या रस्त्यावर आज दुकानांची व दवाखान्यांची इतकी दाटी झाली आहे की, या नावाचे एक स्वतंत्र गाव येथे विशिष्ट हेतूने वसविले गेले होते, आणि तेथे वाढलेल्या काही मुलांचे नाते थेट पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाशी जडले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या जीवनाची ओळख आमच्या वाचकांस बहुधा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी करून दिली. परंतु नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्याच्या चाळीस वर्षे आधीच नाशिकच्या वेशीबाहेर तरुणांच्या धार्मिक शिक्षणाचा एक विलक्षण प्रयोग सुरू झाला होता.

हे गाव चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली वसविले. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर. धर्मांतरामुळे घरादारास पारखे झालेल्या माणसांस येथे निवारा मिळावा, त्यांच्या मुलांस अक्षरओळख व्हावी आणि कोणाच्या दानावर न जगता त्यांनी हातच्या धंद्यावर पोट भरावे, अशी योजना होती. पुढे या वस्तीत अगदी निराळी मुले आली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी पकडली म्हणजे त्यांतील माणसे मुंबईस उतरविण्यात येत. त्यांतील कित्येक पोरकी मुले नाशिकच्या आफ्रिकन आश्रमात धाडली गेली. याओ, न्यासा अशा दूरदूरच्या जमातींची ही लेकरे. आईबापांची नावे ज्यांना धड आठवत नव्हती, त्यांस येथे जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, एडवर्ड गार्डनर अशी इंग्रजी नावे मिळाली. दिवसाचा काही भाग पुस्तकांत व प्रार्थनेत, काही भाग सुतारकामात व लोहारकामात, असा त्यांचा क्रम होता.

ख्रिस्ती धर्मात ‘पाचारण’ हा शब्द मोठ्या महत्त्वाचा आहे. ईश्वर प्रत्येकास काही विशिष्ट कार्यासाठी हाक मारतो, आणि ती हाक ऐकण्याइतके अंतःकरण तयार करणे हेच तरुणांच्या धर्मशिक्षणाचे प्रयोजन, अशी ती कल्पना. दीक्षित धर्मगुरूंप्रमाणेच प्रपंचात राहणाऱ्या सामान्य श्रावकासही ही हाक येते, असे कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट दोघेही मानतात. परंतु शरणपुरात एक अडचण होती, आणि ती आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ही हाक कोणती, हे मुलांच्या आधी त्यांच्या चालकांनीच ठरवून टाकले होते. या मुलांनी शिकून आफ्रिकेस परतावे व आपल्या लोकांस धर्म सांगावा, असा सोसायटीचा मनोदय होता. ज्यास घर, नाव व धर्म यांपैकी काहीच निवडावयास मिळाले नाही, त्याने आपले पाचारण तरी निवडले असे कसे म्हणावे?

असाच प्रश्न आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कॅथॉलिकांपुढेही उभा होता. झांझिबारसमोरच्या बागामोयो या बंदरात होली घोस्ट संघाच्या फ्रेंच पाद्र्यांनी १८६८ साली ठाणे वसविले. गुलामांच्या बाजारातून पैसे मोजून सोडविलेली मुले तेथे शेती व कारागिरी शिकत, आणि वयात आली म्हणजे त्यांचे विवाह लावून ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसविले जाई. पंथ निराळे, परंतु साचा जवळजवळ एकच.

नाशिकच्या मुलांची परीक्षा डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या प्रवासात झाली. अखेरच्या सफरीसाठी ते मुंबईस आले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या साहाय्याने नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. लिव्हिंग्स्टन त्यांच्यावर फारसे प्रसन्न नव्हते. त्यांच्या रोजनिशीत या मुलांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. काही मुले वाटेत सोडून गेली, काही मेली. पुढे १८७२ साली नाशिकचे आणखी सहा तरुण मागाहून त्यांस जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व केरस फेरार हे होते.

१ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. तेथे ना कोणी गोरा मनुष्य होता, ना पाद्री. सूसी व चुमा या दोघा जुन्या सोबत्यांच्या पुढारीपणाखाली मंडळींनी निश्चय केला की, देह किनाऱ्यापर्यंत न्यावयाचा. हृदय व आतडी काढून एका झाडाखाली पुरली, देह मीठ लावून उन्हात वाळविला आणि कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला. हृदय पुरताना प्रेतसंस्काराची प्रार्थना कोणी वाचली? शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने. त्याच्यावर कोणत्याही बिशपचा हात ठेवला गेलेला नव्हता. झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरणाराही तोच. त्या बुंध्याचा लेख असलेला भाग १८९९ साली कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला.

त्या सर्व प्रवासातील ज्या एका प्रसंगावर आमचे मन विशेष खिळते, तो मात्र निराळा आहे. टाबोराजवळ उन्यान्येंबे येथे या तांड्याची गाठ लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याशी पडली. लिव्हिंग्स्टन यांच्या साहाय्यासाठीच तो निघाला होता. त्याने सल्ला दिला की, पुढची वाट धोक्याची आहे, देह येथेच पुरावा. मंडळींनी तो सल्ला मानला नाही. ज्यांना बालपणापासून आज्ञा ऐकण्याची सवय लावली होती, त्यांनी एका साहेबास नकार दिला, आणि तोही दुसऱ्या एका साहेबाच्या मृत देहासाठी! पाचारण म्हणून जे काही असते, ते त्या दिवशी त्यांचे स्वतःचे झाले असे आम्ही समजतो. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा किनाऱ्यास लागला, तो बागामोयो येथेच. आणि नाशिकच्या प्रॉटेस्टंट मुलांनी वाहून आणलेला तो देह प्रथम विसावला कॅथॉलिक मिशनच्या आवारात.

झांझिबारच्या इंग्रज वकिलातीने बहुतेकांस मजुरी देऊन मोकळे केले. इंग्लंडपर्यंत देहाबरोबर गेला तो जेकब वेनराइट एकटा, आणि तोही सोसायटीच्या खर्चाने. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत त्यास स्थान मिळाले. परंतु लिहिता-वाचता येणाऱ्या, आपली रोजनिशी स्वतः लिहिणाऱ्या या आफ्रिकन तरुणाचे कौतुक लवकरच ओसरले. तो शेफारला आहे अशी कुजबुज सुरू झाली. शाळा काढावी आणि शिकलेला मुलगा ताठ मानेने बोलू लागला की बिघडला म्हणावे, हा प्रकार काही केवळ इंग्रजांतच घडतो असे नव्हे. वेनराइट पुढे आफ्रिकेतच राहिला व १८९२ साली वारला.

प्राइस यांस सोसायटीने १८७४ साली मोंबासास पाठविले. तेथे मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन वसले, आणि नाशिक-मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. त्यांस तेथे ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. नाशिकात शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे त्यापूर्वीच, १८६४ च्या सुमारास, मोंबासाजवळच्या रबाई येथे धर्मकार्यास लागले होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी या दोघांस डीकनपदाची दीक्षा दिली. म्हणजे वीस वर्षे त्यांनी जे काम केले, ते साधे श्रावक म्हणूनच.

त्या किनाऱ्यावर समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार १८७३ च्या तहाने बंद झाला होता. परंतु गुलाम बाळगणे कायदेशीरच होते, आणि केनियाच्या किनाऱ्यावर ते १९०७ पर्यंत तसेच राहिले. मालकांपासून पळालेले गुलाम रबाईस येऊ लागले. त्यांस आसरा देणे म्हणजे अरब व स्वाहिली मालकांशी वैर आणि सरकारची नाराजी ओढवून घेणे होते; त्यामुळे मिशनचे धोरण सावधगिरीचे होते. रबाई जोन्सच्या हाती होते. त्याने माणसे परत पाठविली नाहीत. ती तेथे झोपड्या बांधून, शेत कसून राहू लागली. १८८८ साली प्राइस पुन्हा मोंबासास आले, तेव्हा रबाईत पळून आलेल्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागेल इतकी वाढलेली त्यांस आढळली आणि ते मोठ्या संकटात पडले. नाशिकास शरणपूर वसविणारे तेच हे प्राइस! आपल्याच विद्यार्थ्याने तोच धडा, परवानगी न घेता, समुद्रापलीकडे गिरविलेला पाहून त्यांस काय वाटले असेल?

शेवटी ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांस नुकसानभरपाई देऊन हा गुंता सोडविला. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत चौदाशेंच्या आसपास माणसांस मुक्ततेचे कागद वाटण्यात आले. जोन्स व मिशनचे गोरे चालक यांच्यात पुढेही खटके उडतच राहिले. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहून आणणाऱ्या नाशिककरांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत अधिक जगला. तो १९३५ साली मोंबासास वारला.