घोडा खिशात अडकतो तेव्हा

आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर खिशात ठेवायचं, तर पहिला प्रश्न घोड्याचा. अंगठ्याने तो आधी चढवला की चाप हलका होतो. पण बाहेर आलेला घोडा कापडात अडकतो, चढवलेला चुकून सुटतो. दुसरा प्रकार असा, की चापच घोडा चढवतो आणि सोडतो. ओढ लांब, जड, नेम हलवणारी. गोंदियात बसून कोड लिहिणाऱ्या मला ती ‘नक्की डिलीट करायचं?’ या प्रश्नासारखी वाटते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीसांपैकी ते एक. घोडा बाहेर नाही. एकदा स्लाइड मागे ओढली की चाप हलका. कटात निर्णय आधीच झालेला असतो. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्याचा तो व्हायचा असतो, म्हणून मला जड ओढच पटते. १९५२मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘सेंटेनिअल’ काढलं, त्यात घोडा पूर्ण झाकलेला होता. अंगठ्याने चढवायची सोयच नव्हती.